आईंनी आकडा दिला नाही

नवऱ्याने मला झोपायला पाठवलंय.

भर दुपारी, दिवाळीच्या पाडव्याला, ओवाळणीचं ताट अजून ओट्यावर तेलकट पडलेलं असताना. एरवी मी दुपारची आडवी झाले तर ह्या माणसाला घर बुडाल्यासारखं वाटतं. आज त्याने स्वतः चटई अंथरली, पंखा मोठा केला, खिडकीवर चादर टाकली आणि म्हणाला, "नीज गो जरा. आये तुझ्या सपनात येता. आज पाडवो, आज येतलीच. तिका एक आकडो विचार."

आमच्याकडे मेलेलं माणूस स्वप्नात आलं की लोक रडत नाहीत, कागद शोधतात. मेलेल्याने काय नेसलं होतं, हातात काय होतं, कुठल्या दिशेला गेला, सगळ्याचा आकडा काढतात आणि मटक्यावर लावतात. आजोबा स्वप्नात पाणी मागत होते म्हणून सांगा. पाणी कोणी देत नाही, पाण्याचा आकडा कुठला ते बघतात. ही आमची पितरांवरची भक्ती. मी फार शिकलेली नाही, त्यामुळे मला हे गोड करून लिहिता येत नाही.

दिगंबरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मटका नकोय. त्याला बोट हवीय. पणजीच्या नदीत उभी असते ती कॅसिनोची बोट. त्याची आई शशिकला तुळसकर दर पाडव्याला तिथे एकटी जायची. नवरा होता तोवर ह्या दिवशी तिने त्याला ओवाळलं. तो गेल्यावर गाव म्हणालं, विधवेने ताट धरायचं नाही. तिने ताट ठेवलं आणि पर्स उचलली. बांद्याहून पणजीची गाडी पकडली आणि गेली. येताना दर वर्षी खाजं घेऊन यायची, आल्याच्या पाकातलं, आणि आळीभर वाटायची. दिगंबर छाती फुगवून सांगायचा, "आयेचो हात लक्ष्मीचो. बोटीवाल्यांका लुटून येता."

ह्या फेब्रुवारीत आई गेल्या. आजचा त्यांच्याशिवायचा पहिला पाडवा.

माझ्या उशाखाली पाकीट आहे. त्यांच्या पाटल्या मोडून आलेले पैसे. जायच्या आधी त्यांनी पाटल्या माझ्या हातात घातल्या आणि म्हणाल्या, तुझ्या गिरणीक. माझी मसाल्याची गिरण भाड्याच्या गाळ्यात आहे. दिवाळी उरकली की गाळेवाल्याला वाढीव डिपॉझिट द्यायचं, नाही दिलं तर गिरण रस्त्यावर. ते डिपॉझिट ह्या पाकिटात आहे. दिगंबरचं म्हणणं, डिपॉझिट कशाला? आईचा आकडा लावू आणि गाळाच विकत घेऊ. पाचची पणजी गाडी आहे. तो पडवीत बूट घालून बसलाय.

मी पाकिटावर डोकं ठेवून पडते. झोपायचं नाही असं ठरवते. आकडा मिळाला नाही म्हणून सांगायचं आणि भांडायला उभं राहायचं. ओढणी अंगावर घेते. पंखा गिरणीसारखा घुमतोय. हाताला अजून मिरचीचा वास आहे. पंख्याची पाती मोजावीत म्हणून वर बघते. तीन आहेत. मग सहा. मग मोजता येत नाहीत. मग येतात, सदतीस आहेत.

"नीट मोज," कोणीतरी म्हणतं. "तेतला एक आपला नाय."

आई उशाशी उभ्या आहेत. मोरपिशी साडी, कानात मोत्याच्या कुड्या, ओठांना पुसट लिपस्टिक, काखेत ती चॉकलेटी बॅग. तीस वर्षं विम्याच्या पॉलिस्या विकत ह्या बाईने अर्धा तालुका पायाखाली घातला, तीच ही बॅग. तीस पावसाळे खाल्लेली आणि तरी चकाकणारी.

"आई, बऱ्या आहात?" मी विचारते. मेलेल्या माणसाला काय विचारायचं हे कोणी शिकवत नाही.

"मेल्यार माणूस बराच आसता गो. गुडघो दुखणा नाय." त्या माझ्याकडे निरखून बघतात. "तू मात्र घाटीण ती घाटीणच. सणाक मेली ओढणी घेऊन निजलंस. साडी खंय?"

"मिरच्या दळत होते सकाळी."

"पाडव्याक?"

"गिऱ्हाईक आलं. परत पाठवू?"

"नको." त्या हसतात. "लक्ष्मीक परत पाठवूचा नाय. पण तिका सपनातसून बोलवूचाय नाय. तुझ्या घोवान आकडो मागल्यान ना?"

"हो."

"माका मरान वर्ष झाला नाय, तवसर आकडो! जिती होतंय तेव्हा कधी विचारल्यान नाय, आये, तू खेळतंस तरी कसा?"

चटई जाड होत जाते. लाल होते, तिच्यात माझे पाय घोट्यापर्यंत रुततात. छत खाली येतं, त्याला झुंबरं फुटतात आणि सगळं किंचित डुलायला लागतं, कारण खाली पाणी आहे. आमच्या ओट्यावर हिरवं कापड अंथरलंय. त्यावर ओवाळणीचं ताट आहे, परातीएवढं. ताटात गोल पणत्या मांडल्यात.

"किती?" आई विचारतात.

"सदतीस."

"हरेकीच्या मुळाक एक रुपयो ठेव."

मी ठेवते. रुपये कुठून आले ते कळत नाही, पण ओंजळ संपत नाही. काळं जाकीट घातलेली एक मुलगी ताट रुलेटच्या चाकासारखं फिरवते. पांढरी गोळी खळखळत पणत्यांवरून धावते आणि एका पणतीत बसते. ती पणती पेटते.

"आता हे लोक तुका तेचे पस्तीस देतले आणि तुझो एक परत. किती झाले?"

"छत्तीस."

"ठेवलेलंस किती?"

"सदतीस."

"मगे एक खंय गेलो?"

मी ताटात शोधते. पणत्यांमध्ये एक हिरवी आहे, शून्याची, तिच्यात वात नाही. काळ्या जाकिटातली मुलगी नम्रपणे हसते.

"बोट डिझेलवर चलता असा वाटता तुका?" आई म्हणतात. "बोट ह्या एका रुपयावर चलता. ही झुंबरां, हो गालिचो, ही फुकटची दारू, सगळा ह्या एका रुपयाचा. कोण तुका फसवणा नाय गो. चाक सरळ आसा, पोरगी प्रामाणिक आसा. फसवूची गरजच नाय. सदतिसाचो माल छत्तिसाक विकत घेतलो की आणि लबाडी कित्याक करूची?"

"म्हणजे शंभराला किती?"

"पावणेतीन. काही ठिकाणी चाकावर दोन शून्यां आसतत, थंय सव्वापाच. जो दोन शून्यांच्या चाकाकडे बसता, तो बाजारात दुप्पट दरान तीच भाजी घेता. आणि वर म्हणता, आज नशीब खराब."

"पण आकडा बरोबर असला तर?"

"खंयचो आकडो बरोबर? पणतीक आठवण नसता, मगाशी कोण पेटली ता. लोक थंय कागद घेऊन बसतत. सतरा दोनदा इलो, तेवीस इलोच नाय, आता तेवीस येतलो. चाकाक डोळे नाय, कान नाय, आवस नाय. ता कोणाचा ऐकणार?"

आईंचा आवाज चढला की मला पूर्वी भीती वाटायची. आता वाटत नाही, हेवा वाटतो. माझ्या माहेरी आजऱ्याला देवळातल्या खांबाला बांधल्यासारख्या बायका बोलायच्या, अर्धं तोंडात ठेवून. ही बाई पॉलिसी विकायला गेली की घरातल्या कर्त्या पुरुषाला तोंडावर सांगायची, तुम्ही कधीतरी मरणार, केव्हा ते मला माहीत नाही, पण दर हजारी किती मरतात ते माहीत आहे, सही करा. आणि तो सही करायचा.

"विमा आणि बोट एकच, आई?"

"बहिणी." त्या बॅगेचं बक्कल खटकन लावतात. "एका ठिकाणी तू भय विकतंस, एका ठिकाणी आशा विकत घेतंस. दोघींक किंमत आसा. किंमत विचारूची आणि मगे घेवची की नाय ता ठरवूचा. लोकांका किंमत विचारूची लाज वाटता. म्हणान ते हरतत."

बक्कल वाजल्याबरोबर हिरवं कापड मातीवर पडतं. आता आम्ही जत्रेच्या मैदानात आहोत, ऊन डोक्यावर. पण गालिचा पायाखाली तसाच. मेणकापडाचा पट पसरलाय, त्याच्यावर सहा चित्रं, आणि पटवाला डब्यात तीन फासे खुळखुळवतोय.

"लावा बाई लावा! एक फासो इलो तर एक, दोन इले तर दोन, तीन इले तर तीन!"

"हो आमचो गाववालो," आई म्हणतात. "सहा चित्रां, तीन फासे. ऐकूक कसा वाटता? तिनाक सहा, म्हणजे निम्मो चान्स. व्हय ना?"

"हो."

"नाय. दोन फासे एकाच चित्रावर पडतत तेव्हा दुसरी चित्रां उपाशी रवतत. दोनशे सोळा वेळा लाव, एकेक रुपयो. सतरा रुपये ह्या बाबाच्या खिशात. शंभराक आठ. बोटीच्या तिप्पट. आणि ह्याका लोक परंपरा म्हणतत."

पटवाला ऐकू न आल्यासारखं करतो. पटाभोवती पुरुषच पुरुष आहेत. त्यातल्या एकाला मी ओळखते. त्याने बायकोचं मंगळसूत्र ह्याच पटावर घालवलं आणि तो आज देवळाच्या कमिटीत बसतो. नारळ तोच फोडतो. त्याला कोणी जुगारी म्हणत नाही, पुरुषाची हौस म्हणतात. आणि माझी सासू स्वतःच्या कमिशनातले चार पैसे वर्षातून एकदा घेऊन गेली, तर तिला आळीने नाव ठेवलं, बोटवाली म्हातारी. तिच्या दहाव्याला ह्याच माणसाने माझ्या कानाशी येऊन विचारलं होतं, म्हातारीने काही शिल्लक ठेवलं का, का सगळं बोटीवर? मी तेव्हा गप्प बसले, सुतक होतं म्हणून. आता स्वप्नात त्याच्या पायावर पाय देऊन पुढे जाते. त्याला लागत नाही. मला बरं वाटतं.

"आई, तुम्ही मात्र जिंकून यायच्या."

"कोण म्हणता?"

"दिगंबर. सगळेच. तुम्ही खाजं आणायच्या ना."

आई थांबतात. मग एवढ्या जोरात हसतात की पटवाल्याच्या डब्यातले फासे आपोआप वाजतात.

"खाजा मी जाताना घेवचंय गो! बांद्याच्या स्टँडवर, गाडीत चढायच्या आधी. ह्या बॅगेत घालून न्हेवचंय बोटीवर आणि परत आणूचंय. हरल्यार येताना हात रिकामे नको म्हणान."

"म्हणजे हरायच्या?"

"बहुतेक वेळा हरायचंय. कधीतरी जिंकायचंय. तुमका खाजा म्हणजे जिंकल्याची खूण वाटली. माका कोणी विचारला नाय, मी कोणाक सांगलंय नाय."

चौदा पाडवे आम्ही तो आल्याचा पाक चाटून म्हटलं, आईंचा हात लक्ष्मीचा. त्या खाज्यावर माझ्या नवऱ्याने आपली सगळी श्रद्धा उभी केलीय आणि आत्ता पडवीत बूट घालून बसलाय.

"मग कशाला जायच्या?"

"तू दशावतार बघूक जातंस, तेव्हा संकासुर मेल्यार तिकिटाचे पैसे परत मागतंस?" त्या साडीचा पदर खांद्यावर सारखा करतात. "तीन तास, सुगंधे. तीन तास माका कोणी आजी म्हटला नाय, गंगाभागीरथी म्हटला नाय. पोरगी म्हणायची, मॅडम, लावा. माझ्या हातात चिप असायची, आणि खंय ठेवूची ता मी ठरवायचंय. सगळा टेबल माझ्या हाताकडे बघायचा. तेचे पैसे मी देवचंय. घरातसून निघतानाच ते खर्ची टाकलेले. मगे हरले म्हणान रडूचा कित्याक?"

पायाखाली परत डुलतं. मैदान गेलं, टेबलं आली. आई पुढे आणि मी मागे, जशी त्यांच्या मागून मी बाजारात चालायची. त्या टेबलांमधून अशा चालतात की कोळणीच्या पाट्यांतून मासा निवडतायत. इथे हात लावत नाहीत, तिथे नुसतं नाक मुरडतात.

"ह्या बघ. पत्त्यांचा टेबल, बॅकरा. 'बँकर' लिवलेला आसा ना, थंय लावलंस तर शंभराक रुपयो जाता. एवढी स्वस्त जागा बोटीवर दुसरी मिळाची नाय. आणि हंय, वीतभर बाजूक, 'टाय'. बरोबरी. हंय लावलंस तर शंभराक चवदा! आणि लोक बघ खंय लावतत."

लोक बरोबरीवर लावतायत. वाकून वाकून लावतायत.

"का?"

"थंय एकाचे आठ लिवलेले आसतत. लोक देणा वाचतत, चान्स वाचणत नाय. मी पॉलिसी विकताना बघलेला आसा गो. मोठो आकडो ठळक छापूचो, बारीक आकडो बारीक."

एक पोऱ्या ट्रे घेऊन येतो, ग्लासात सोनेरी काहीतरी. आई हाताने नको करतात आणि लिंबूपाणी मागतात. "बोटीवरची सगळ्यात महाग वस्तू. फुकटची दारू," त्या माझ्या कानात सांगतात.

तेवढ्यात मला माझ्या गिरणीचा पट्टा दिसतो.

रुलेटच्या टेबलावर लाल चौकोनात ठेवलाय, गुंडाळून. शेजारी दिगंबर, नवे बूट घालून. काळा येतो. मुलगी पट्टा ओढून घेते. दिगंबर चाळण ठेवतो आणि छोटी मोटर, दुप्पट. काळा. तो मोठी मोटर ठेवतो, मिरची कुटायच्या डंक्याची मुसळं, वजनकाटा. परत काळा. कपाळावर घाम, पण चेहरा खुशीत.

"आता तांबडो येतलोच," तो कोणालातरी सांगतोय. "किती वेळ येणा नाय? दुप्पट करीत ऱ्हवल्यार एकदा तरी येतलोच, आणि सगळा एकदम वसूल."

"हो तुझ्या घोवाचो शोध नाय," आई म्हणतात. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आलाय. "जगातलो हरेक शाणो हीच युक्ती काढता. सात वेळा सलग तांबडो चुकणा म्हणजे शंभरात एकदा होणारी गोष्ट. आणि तीन तासांत चाक फिरता किती वेळा?"

"शंभर?"

"शंभरापेक्षा जास्ती. म्हणजे ती एक वेळ खंयतरी वाट बघीत बसलेली आसा. तोपर्यंत तो चिल्लर जिंकता, आणि ती इली की घर देता."

दिगंबरने आता गाळ्याचं शटर टेबलावर ठेवलंय. शटर मावत नाही, एक कोपरा खाली लोंबतोय. त्याच्यावर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे, शशिकला मसाले.

"अहो!" मी ओरडते. त्याला ऐकू येत नाही.

आई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहतात. त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, लहानपणी ताप बघायला ठेवत असतील तसा. तो माशी झटकावी तसा हात झटकतो आणि चाकाकडे बघत राहतो.

"तुम्ही ह्यांच्या स्वप्नात का येत नाही, आई? मनाला फार लावून घेतात. म्हणतात, मी पोटचा, आणि येते सुनेकडे."

"येतंय गो. रोज येतंय." आई त्याच्या टाळूकडे बघतायत, जिथे केस विरळ झालेत. "तो माझे चुडे मोजता. साडीचो रंग बघता. मी दाराक किती वेळा टकटक केलंय ता मोजता. आणि सकाळी आकडो जुळणा नाय म्हणान विसरता. माझा तोंड बघणा नाय तो, सुगंधे."

बोटीवरचा सगळा आवाज कोणीतरी बंद करतं. चाक फिरतंय, पण मुकं.

मी विचारते, "मी काय करू? पाकीट लपवू? जाळू? भांडू?"

"आजच्या दिवसाक? आज तर डाव खेळूचो दिवस. आजच्या दिवशी शंकर पार्वतीबरोबर सोंगट्यो खेळलो आणि लंगोटीसकट हरलो. देव असान हरलो, मगे तुझो घोव कोण लागान गेलो?" त्या जराशा हसतात. "तेका अडवू नको. आज अडवलंस तर पुढच्या म्हयन्यात गुपचूप जातलो, आणि गुपचूप जाणारो माणूस थांबणा नाय. गाठ मार."

ही गाठ मला माहीत आहे. बाहेर निघताना आई डाव्या हाताने पदराच्या टोकाला गाठ मारायच्या. परतीचं भाडं आणि जे जे खेळायचं नाही ते सगळं त्या गाठीत. मोकळं राहील तेवढंच खेळायचं. ओढली की ती आणखी घट्ट होते. सोडायची तर शेपूट आत ढकलावं लागतं. चार वेळा त्यांनी मला शिकवली, चारही वेळा माझी साधी गाठ पडली. उजव्या हाताने ती जमतच नाही.

"ती गाठ सोडूक दोन हात व्हये आणि शांत डोक्या व्हया," आई म्हणतात. "हरलेल्या माणसाकडे दोनय नसतत. म्हणान ती गाठ. शाणपण बोटीवर गेल्यार सुचणा नाय गो. ता घराकडसून बांधून न्हेवचा लागता. हरलेले पैसे परत आणूक जो बसता, तो दुसऱ्यांदा हरूक बसता."

पाणी आता जवळ आलंय. आम्ही बोटीच्या फळीवर उभ्या आहोत, एक टोक बोटीवर आणि दुसरं आमच्या ओट्यावर. नदीला भाजलेल्या धण्याचा वास येतोय. आई बॅग काखेत घट्ट धरतात. त्या जाणार हे मला कळतं आणि मग माझंच डोकं फिरतं.

"आई," मी म्हणते. "एकच आकडा. त्यांना नाही सांगणार. फक्त गाळ्यापुरता. शपथ."

त्या वळून बघतात. रागावत नाहीत.

"तू पण?"

"मी पण. दर वर्षी डिपॉझिट वाढवतो तो. मला कंटाळा आलाय, आई. एकदाच काहीतरी फुकट मिळू दे."

"सदतीस पणत्यो तू आपल्या हातान मांडलंस," त्या हळू म्हणतात. "आणि तरी मागतंस. बघलंस? समजला म्हणान आशा जाणा नाय. माझीय गेली नाय कधी. म्हणान तर मी गाठ मारायचंय. घोवासाठी नाय, माझ्यासाठी."

माझ्या मानेजवळ ओढणीला हिसका बसतो. एकदा, मग परत, दात लावून ओढल्यासारखा. मोरपिशी काठ डोळ्यांसमोरून जातो. आल्याच्या पाकाचा वास. फळी सरकते.

"आणि त्या नारळ फोडणाऱ्याच्या पायावर अजून जोरात पाय देवचो," पाण्यावरून आवाज येतो. "माका दिसला."

पंखा. तीन पाती.

चादरीच्या फटीतून ऊन माझ्या तोंडावर आलंय. दिगंबर दारात उभा आहे, बुटांसकट. लाडूच्या डब्यासमोर पोर उभं राहतं तसा.

"इली?"

"आल्या."

"आकडो दिल्यान?"

मी उठायला जाते आणि ओढणी मान खाली ओढते. एक टोक जड झालंय. बघते तर लिंबाएवढी गाठ, आत नोटांची घट्ट सुरळी, वर कापडाला पीळ. उशाखालून पाकीट काढते. ते सपाट झालंय, आत थोड्या नोटा आहेत, दोघांनी हॉटेलात जेवून नाटक बघावं एवढ्या.

गाठीचं शेपूट डावीकडून वळून आत खोचलंय.

म्हणा, मी झोपेत मारली. म्हणायला काय जातं. जागेपणी चार वेळा शिकून मला ती जमली नव्हती.

दिगंबर खाली बसतो. त्याचा हात आधी पैशांकडेच जातो, मी ते लपवणार नाही. तो गाठ ओढतो. ती घट्ट होते. आणखी ओढतो, आणखी घट्ट. मग त्याचा हात थांबतो. तो शेपटावर अंगठा फिरवतो, एकदा, दोनदा.

"शाळेत जाताना बसचे पैसे," तो म्हणतो. "रुमालाक अशीच मारायची. मी रस्त्यात गोळ्यो घेव नये म्हणान."

त्याला ती सोडता येते. पोटचा आहे, त्याला येणारच. शेपूट आत ढकललं की झालं. अंगठा शेपटावर आहे. डिपॉझिट, गाळा, शटर, पाटी, सगळं त्या अंगठ्याखाली.

तो अंगठा काढतो.

"साडी खंयची नेसलेली?"

मी दचकते. साडीच्या रंगाचाही आकडा निघतो. "कशाला?"

"असाच," तो म्हणतो. माझ्याकडे बघत नाही. "माका तिचा तोंडच आठवणा नाय आजकाल."

"मोरपिशी," मी सांगते. "आणि लिपस्टिक लावली होती. हसत होत्या. तुमच्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी."

तो स्वतःच्या टाळूवर हात नेतो, जिथे केस विरळ आहेत तिथेच. आकडा परत विचारत नाही.

बराच वेळ बाहेर कोणीतरी टिकल्या फोडतंय. मग तो ते सपाट पाकीट उचलतो, खिशात घालतो आणि म्हणतो, "एवढेच न्हेवया. तू येतंस?"

मी साडी नेसत नाही, वेळ नाही. ओढणी गळ्यात तशीच घेते. गाठ छातीवर आपटते, प्रत्येक पावलाला, कोणीतरी ठोठावल्यासारखी. स्टँडवर गाडी लागलीय. मी तिच्याकडे न जाता मिठाईच्या टपरीकडे वळते आणि अर्धा किलो खाजं बांधायला सांगते.

"गो, खाजा येताना घेतत," दिगंबर मागून ओरडतो. "जिंकल्यार!"

"नाही," मी म्हणते. "जाताना घेतात."